उबेचे गणित : जुने अ‍ॅम्प्लिफायर, घरची खोकी आणि आपली टीकाभाषा

१

‘जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज उबदार असतो’ हे वाक्य आता सुभाषिताच्या पदवीला पोचले आहे. सुभाषिताला कोणी पुरावा मागत नाही, ते फक्त योग्य प्रसंगी उच्चारायचे असते. गेल्या काही वर्षांत ध्वनिमुद्रिका ऐकण्याची हौस पुन्हा वाढली, आणि तिच्यासोबत पन्नास-साठच्या दशकांतले व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर आणि सत्तरच्या दशकातले जपानी-अमेरिकी रिसीव्हर माळ्यावरून खाली उतरले. (रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत.) हे चांगले झाले. त्यांच्या जोडीला सुताराकडून किंवा स्वतःच्या हाताने स्पीकरची खोकी करून घेणारेही वाढले. हे त्याहून चांगले झाले. वाईट झाली ती या जोडणीभोवती माजलेली भाषा.

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. आवाज ‘उबदार’, ‘रेशमी’, ‘खुला’, ‘मातीशी नाते सांगणारा’ असतो. सागवानी खोके ‘श्वास घेते’. जुन्या यंत्राला ‘आत्मा’ असतो. आपल्या नियतकालिकांतली पुस्तक-परीक्षणे ज्याने सलग दहा वर्षे वाचली आहेत त्याला या शब्दांची नातलग मंडळी लगेच आठवतील : ‘ओघवती’, ‘हृदयस्पर्शी’, ‘अंतर्मुख करणारी’, ‘काळजाला भिडणारी’. हे सगळे शब्द लिहिणाऱ्याला काय वाटले ते सांगतात. समोरच्या वस्तूत काय आहे याविषयी ते गप्प असतात. एवढ्यावर थांबले असते तर तक्रार नव्हती, कारण वाटणे हा प्रत्येकाचा अधिकार आहे. पण हे शब्द पुढे कारण म्हणून वापरले जातात. आवाज उबदार का? तर अ‍ॅम्प्लिफायर जुना म्हणून. कविता भिडते का? तर ती अस्सल म्हणून. आमचा आक्षेप या उडीला आहे.

आमचे म्हणणे एका वाक्यात असे. अ‍ॅम्प्लिफायरला एकट्याला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतो. जो आवाज ऐकू येतो तो अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि खोके यांच्या संबंधाचा असतो. हा संबंध मोजता येतो, आणि ज्याने तो मोजायचे नाकारले त्याने जुन्या यंत्राचा आदर केलेला नसून त्याची पूजा मांडलेली आहे.

२

अ‍ॅम्प्लिफायर आणि खोके यांनी इतिहासातही एकमेकांना घडवले आहे. १९४६ साली अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी पॉल क्लिप्श याने खोलीच्या कोपऱ्यात बसणारा कर्ण्याचा स्पीकर बाजारात आणला. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात विल्यमसनच्या व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापून आला. त्याची शक्ती पंधरा वॅट होती, आणि घरी जोडणी करणाऱ्या हजारोंनी तो बनवला. त्या काळात वॅट महाग होता. म्हणून स्पीकर मोठे आणि कार्यक्षम असत. थोड्या शक्तीत खोली भरेल एवढे त्यांचे आकारमान असे.

१९५४ साली एडगर व्हिल्चर याने हे समीकरण उलटे केले. त्याचे शिक्षण कलेतिहासाचे. स्पीकरच्या पडद्याला मागे धरून ठेवणारी कडक कापडी स्प्रिंग काढून तिच्या जागी बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून राबवावे, ही त्याची कल्पना. पहिला नमुना त्याने घरीच केला; पडद्याभोवतीची लवचीक कड गादीच्या कापडाची होती. यातून हेन्री क्लॉसच्या भागीदारीत ‘एआर-१’ हा स्पीकर निघाला. खोके पुस्तकांच्या फळीवर मावू लागले आणि तरी खर्ज खोल उतरू लागला. त्याची किंमत कार्यक्षमतेत चुकती करावी लागली, कारण छोट्या खोक्यातून खोल खर्ज काढायचा तर शक्ती जास्त लागते. ती शक्ती पुढे ट्रान्झिस्टरने स्वस्त करून दिली, आणि सत्तरच्या दशकात वॅटची शर्यत सुरू झाली. मरँट्झचा २२७० हा रिसीव्हर दर चॅनेलला ७० वॅटचा होता; १९७८च्या पायोनियर एसएक्स-१९८० पर्यंत हा आकडा २७० वर गेला. शर्यत इतकी भरकटली की वॅट कसे मोजावेत आणि जाहिरातीत कसे छापावेत याचा नियम अमेरिकी सरकारला १९७४ साली करावा लागला.

तेव्हा जुना अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे कोणता, हा पहिला प्रश्न आहे. पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायर आणि दीडशे वॅटचा रिसीव्हर यांच्यात तीस वर्षांचे अंतर आहे, आणि दोघांनी गृहीत धरलेली खोकी वेगळी आहेत. क्लिप्शचा कर्णा आणि बीबीसीने पुढे आपल्या फिरत्या ध्वनिमुद्रण-गाड्यांसाठी घडवलेला छोटा एलएस३/५ए यांच्या कार्यक्षमतेत वीस डेसिबलांहून अधिक फरक आहे. म्हणजे एकाला जो आवाज एका वॅटमध्ये काढता येतो त्यासाठी दुसऱ्याला शंभराहून अधिक वॅट लागतील. ‘विंटेज’ या एका शब्दाखाली या दोघांना बसवणारा माणूस यादवकालीन आणि पेशवेकालीन मराठीला ‘जुनी मराठी’ म्हणून एकच प्रश्नपत्रिका काढणाऱ्या परीक्षकासारखा आहे.

३

आता उबेकडे वळू. स्पीकरचा पडदा स्प्रिंगवर टांगलेल्या वजनासारखा असतो. खोक्यातली हवा ही दुसरी स्प्रिंग. कोणत्याही झोक्याप्रमाणे या जोडीची एक नैसर्गिक गती असते. त्या गतीच्या आसपासचा स्वर आला की पडदा सहज आणि जास्त हलतो. त्याला आवर कोण घालते? मुख्यतः वीज. पडद्यामागची तारेची गुंडाळी चुंबकाच्या फटीत हलली की तिच्यात उलटा प्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरमधून वाहून परत आला की ब्रेकसारखा काम करतो. अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध कमी असेल तर ब्रेक घट्ट लागतो. जास्त असेल तर सैल. ट्रान्झिस्टरच्या रिसीव्हरमध्ये हा रोध ओमच्या एखाद-दुसऱ्या दशांशाइतका असतो. प्रतिसंभरण न वापरणाऱ्या काही व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो दोन-तीन ओमपर्यंत जातो.

एक उदाहरण घेऊ. समजा आठ इंची स्पीकर आहे. त्याची मोकळ्या हवेतली नैसर्गिक गती सेकंदाला ३५ कंपने. त्याच्या स्प्रिंगइतकी लवचीक असणारी हवा ६० लिटर. गुंडाळीचा रोध ६ ओम. त्याचा एकूण ‘क्यू’, म्हणजे झोका कितपत बेबंद आहे याचे माप, ०.४०, त्यातला केवळ यांत्रिक घर्षणाचा वाटा ४. बंद खोक्यात हा क्यू किती होतो ते काढायला ६० लिटरला खोक्याच्या लिटरांनी भागायचे, एक मिळवायचा, वर्गमूळ काढायचे आणि मूळ क्यूने गुणायचे. क्यू ०.७ च्या जवळ आला की आवाज कुठेही न फुगता खाली उतरत जातो. शाळेतल्या वर्गमुळापलीकडे यात काही नाही.

ट्रान्झिस्टरच्या रिसीव्हरसाठी हे खोके सुमारे २८ लिटरचे येते. आता तोच स्पीकर दोन ओम रोधाच्या व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. ब्रेक सैल झाल्यामुळे स्पीकरचा क्यू ०.४० वरून ०.५२ च्या जवळ जातो, आणि तेवढाच सपाट आवाज हवा असेल तर खोके सुमारे ६८ लिटरचे करावे लागते. अ‍ॅम्प्लिफायर बदलला की सुताराचे माप दुपटीहून अधिक बदलते. जोडी जुळवणे या शब्दाचा खरा अर्थ एवढाच आहे, आणि बहुतेक ठिकाणी नेमके हेच कोणी करत नाही. कपाटाच्या फळीवर मावते म्हणून बारा लिटरचे खोके केले जाते, आणि त्याला तो व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायर जोडला जातो. मग गणित सांगते की १०० हर्ट्झच्या आसपास आवाजाला पावणेतीन डेसिबलचा फुगवटा येईल. हाच फुगवटा ऐकून आपला रसिक डोळे मिटून म्हणतो : ‘काय ऊब आहे!’

तो फुगवटा संगीतात कुठे बसतो तेही पाहावे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, खर्ज त्याच्या निम्मा म्हणजे ६९, आणि पंचम १०४. म्हणजे आमचा फुगवटा तानपुऱ्याच्या पंचमावर नेमका जाऊन बसला. डग्ग्याची घुमारही साधारण याच प्रदेशातली. तानपुऱ्याचे सौंदर्य वरच्या स्वरांशांतही असते हे मान्य. पण मैफलीआधी चार तारा एकमेकींच्या वर चढणार नाहीत अशा लावण्यात गायक आणि साथीदार जो वेळ घालवतात, त्याची घरी बसून एका चुकीच्या मापाच्या खोक्याने वासलात लावायची आणि वर तिला ‘आपुलकी’ म्हणायचे, हा त्या गायकाचा सन्मान नव्हे.

फुगवटा आवडणे हा गुन्हा नाही. ज्याला तो आवडतो त्याने खुशाल ठेवावा. पण मग तो कारागिरीच्या खात्यावर मांडावा, अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘आत्म्या’च्या नव्हे. ट्रान्झिस्टरच्या साध्या रिसीव्हरवरही खोके लहान करून किंवा तारेत दोन ओमचा रोधक घालून तीच ऊब मिळते. किरकोळ रोधकात जे मिळते त्यासाठी पुराणवस्तूच्या भावाने यंत्र घेणाऱ्याने निदान आपण आवाज विकत घेत नसून कथा विकत घेत आहोत एवढे स्वतःशी कबूल करावे.

४

‘मूळ’ आवाजाचे वेड ही याच रोगाची दुसरी बाजू. पन्नास वर्षांच्या रिसीव्हरचे झाकण उघडून आतले काही बदलू नये, नाहीतर त्याचे ‘मूळपण’ जाते, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो. तो वर्षानुवर्षे वाळतो. वीजपुरवठ्यातला कपॅसिटर वाळला की घरघर वाढते. सिग्नलच्या वाटेतला वाळला की खर्ज पातळ होतो. स्थिर प्रवाहाच्या जुळण्या सरकतात, रिले आणि बटणांचे संपर्क काळे पडतात. म्हणजे आज ज्याला मूळ आवाज म्हणून ऐकले जाते तो १९७६ साली ते यंत्र पहिल्यांदा सुरू करणाऱ्याने कधीच ऐकला नव्हता.

मराठीच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती अपरिचित असू नये. १५८४ साली, म्हणजे शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पावणेतीनशे-तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून जे शिरले होते ते त्यांनी पारखून बाजूला केले, आणि तेवढ्याच कडकपणे पुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या त्यात घालू नयेत अशी तंबी दिली. एका बाजूला लेखनिकाच्या चुकांना पावित्र्य देणारे, दुसऱ्या बाजूला आपली ओवी घुसवणारे. दोघांनाही त्यांनी नकार दिला. वाळलेला कपॅसिटर जपणारा संग्राहक हा पहिल्या जातीचा. ‘अपग्रेड’च्या नावाखाली प्रत्येक भाग काढून आपल्या आवडीचा घालणारा आणि तरीही यंत्राला जुन्याच नावाने मिरवणारा हा दुसऱ्या. मधला मार्ग कष्टाचा आहे. सर्किटचा आराखडा मिळवावा, मूळ किंमतीचे भाग घालावेत, जुळण्या निर्मात्याने सांगितलेल्या मापावर आणाव्यात आणि केलेले बदल लिहून ठेवावेत. संहितेच्या संपादकाकडून आपण हेच मागतो.

या भागात एका बटणाचाही उल्लेख केला पाहिजे. सत्तरच्या दशकातल्या बहुतेक रिसीव्हरांवर ‘लाउडनेस’ असे लिहिलेले बटण असते. आवाज लहान केला की माणसाच्या कानाला खर्ज जास्त कमी ऐकू येतो, हे बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवले. हे बटण दाबले की लहान आवाजात खर्ज, आणि अनेक यंत्रांत टिपेचा भागही, उचलला जातो. कित्येक घरांत ते वर्षानुवर्षे दाबलेलेच असते. अशा यंत्रावर ऐकून ‘आजच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती ऊब नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे मीठ घातलेल्या आणि न घातलेल्या आमटीवरून भांड्यांची तुलना करणे होय.

५

खोक्याविषयीच्या अंधश्रद्धा याहून गोड आहेत, म्हणून अधिक चिवट. सागवान, शिसम, ‘शंभर वर्षांच्या वाड्याच्या तुळईचे लाकूड’ यांची खोकी ‘गातात’ असे सांगितले जाते. गाणारे खोके हा स्पीकरच्या बाबतीत दोष आहे. मिरजेचा तंतुवाद्यांचा कारागीर भोपळा निवडतो तो नाद देणारा, कारण वाद्याला आवाज निर्माण करायचा असतो. स्पीकरचे काम दुसऱ्याने निर्माण केलेला आवाज, आपले काही न मिसळता, पुढे पोचवणे. तानपुऱ्याचा भोपळा गायला पाहिजे. तो तानपुरा ऐकवणारे खोके मुके राहिले पाहिजे. नाहीतर प्रत्येक मुद्रिकेवर, मग ती किशोरीताईंची असो की बाखची, त्या एका तुळईचाच राग वाजत राहील.

मुकेपणा साधायच्या रीती कारागिरांनीच शोधल्या. यॉर्कशरमध्ये गिल्बर्ट ब्रिग्ज याने १९३२ साली आपल्या घराच्या तळघरात व्हार्फडेल स्पीकर बनवायला सुरुवात केली. तोपर्यंत त्याचा पेशा कापडव्यापाराचा. प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये कोरडी वाळू भरली की फळी घुमत नाही, ही त्याने लोकप्रिय केलेली युक्ती. बीबीसीच्या अभियंत्यांनी उलट वाट धरली : प्लायवूड पातळ ठेवले आणि आतून डांबरी पत्रे चिकटवून त्याचे कंपन शोषून घेतले, म्हणजे जी काही घुमार उरेल ती खालच्या, कमी जाचणाऱ्या पट्टीत उतरेल. दोन्ही रीती बरोबर आहेत, आणि दोन्हींत लाकडाच्या कुळाला महत्त्व नाही. चांगले प्लायवूड, आतून आडव्या पट्ट्या, कडांना हवा न गळू देणारा डिंक आणि पोकळीत मोकळा पिंजलेला कापूस किंवा लोकर यांच्यापुढे वाड्याच्या तुळईला काही सांगण्यासारखे नसते.

मोजमापाने रस मरतो, असा यावर हमखास येणारा आक्षेप. त्याला उत्तर आपल्याच परंपरेत आहे. १९२० साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या चर्मवाद्यांचे स्वरांश मोजले, आणि साध्या ताणलेल्या कातड्याचे विस्कळीत स्वरांश शाईच्या लेपामुळे सुरेल ओळीत कसे येतात ते दाखवले. पुढच्या वर्षी त्यांनी तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीकडे लक्ष वळवले, म्हणजे ज्याला आपण जवारी म्हणतो तिच्याकडे. त्यांच्या निबंधांमुळे तबला किंवा तानपुरा कोणालाही कमी रसाळ वाटू लागल्याचे ऐकिवात नाही. उलट शाईचा थर चढवणाऱ्या अनाम कारागिराच्या बुद्धीची खोली त्या आकड्यांमुळेच कळली. रसाला जे मारते ते मोजमाप नसून मोजण्याचा आळस आणि त्या आळसाला दिलेले भक्तीचे नाव.

६

घरी केलेल्या खोक्याकडे आपल्याकडे दोन नजरांनी पाहिले जाते. एक नजर कीव करणारी : ज्याला परदेशी स्पीकर परवडत नव्हते त्याची ती तडजोड. दुसरी नजर गहिवरणारी : ‘हाताने केलेले’ म्हणून आपोआप थोर. दोन्ही नजरांना खोक्याच्या आत डोकावायचे नसते.

१९९१ पूर्वी आयातीवरचे निर्बंध कडक होते, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटा स्पीकर आणून ओळखीच्या सुताराकडून खोके करून घेणे ही अनेक घरांतली रीत होती. त्या खोक्यांची मापे बहुधा अंदाजाने ठरत, कारण स्पीकरबरोबर इंच, ओम आणि वॅट यांपलीकडे फारशी माहिती हाती येत नसे. यात त्या सुताराला हसण्यासारखे काही नाही. खोक्याचे माप स्पीकरच्या गुणांवरून काढायची रीत ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील याने १९६१ साली मांडली, पण अमेरिकेतल्या ध्वनी-अभियंत्यांच्या नियतकालिकात ती पुन्हा छापली जाईपर्यंत, म्हणजे १९७१ पर्यंत, ती जगात फारशी कोणी वाचली नव्हती. १९७२-७३ मध्ये रिचर्ड स्मॉल याने सिडनीतून ती पूर्णत्वाला नेली. १९७० साली लॅमिंग्टन रोडवर उभा असलेला गिऱ्हाईक आणि बॉस्टनमधला त्याचा समव्यवसायी यांच्यातले ज्ञानाचे अंतर त्यामुळे आपण समजतो तितके मोठे नव्हते.

आज ते अज्ञान सांभाळायला कोणतीही सबब उरलेली नाही. स्पीकरचे हे गुण घरी मोजता येतात. एक रोधक, एक मल्टिमीटर आणि निरनिराळे स्वर काढणारा संगणक किंवा मोबाइल पुरतो. स्पीकरचा अवरोध कोणत्या स्वराला शिखरावर जातो ते पाहायचे, मग पडद्यावर माहीत असलेल्या वजनाची मेणाची गोळी चिकटवून शिखर किती खाली सरकते ते पाहायचे. बाकी सगळे त्यातून निघते. एका दुपारचे काम. शिवाय एवढे केले की आणखी एक संकट टळते. आठ ओमचे दोन स्पीकर एकाच खोक्यात समांतर जोडले की चार ओम होतात. रिसीव्हरच्या मागे ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जोड्यांची सोय असते. उत्साहाने दोन्हींना अशी खोकी लावली की यंत्राला दोन ओम दिसतात, आणि जे पन्नास वर्षे टिकले ते एका संध्याकाळी जळते. त्या यंत्राच्या पाठीवर किमान किती ओम चालतील ते बहुधा छापलेले असते. पाठ वाचायची सवय नसेल तर समोरच्या निळ्या-हिरव्या दिव्यांचे कौतुक कोणत्या उपयोगाचे?

७

आकड्यांच्या पंथालाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. हे लोक म्हणतात, चांगले मोजमाप देणारे सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच, तेव्हा जुना रिसीव्हर भंगारात द्यावा आणि तळहाताएवढा नवा घ्यावा. त्यांचे पहिले वाक्य बऱ्याच अंशी खरे आहे. पण तेही यंत्राला एकटेच मोजतात. जाहिरातीत पाचशेचा ‘डॅम्पिंग फॅक्टर’ पाहून ते खूश होतात. पन्नासचा असेल तर आठ ओमला अ‍ॅम्प्लिफायरचा रोध ०.१६ ओम, पाचशेचा असेल तर ०.०१६. त्याच वाटेत गुंडाळीचे सहा ओम ठाण मांडून बसलेले असताना या फरकाने पडद्याच्या ब्रेकवर नाव घेण्यासारखा परिणाम होत नाही. म्हणजे आकडा आहे, पण त्याचा संबंध ठाऊक नाही. गद्य कवितेतही मात्रा मोजत बसणाऱ्या विद्यार्थ्याची आणि छंदाचे नाव काढताच कानांवर हात ठेवणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण एकच असते.

शिवाय नीट दुरुस्त केलेला, दर चॅनेलला चाळीस-पन्नास वॅटचा जुना रिसीव्हर आजही उत्तम काम देतो. त्याचा आराखडा बहुधा मिळतो, भाग सुटे काढता येतात, गावातला माहितगार तंत्रज्ञ तो दुरुस्त करू शकतो. नव्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांविषयी हे म्हणता येत नाही. जुने ठेवण्याचे हे खरे कारण आहे : ते वाचता येते.

८

साहित्याच्या व्यासपीठावर हे सगळे कशाला, असे विचारले जाईल. आकाशवाणीच्या नोकरीत आयुष्याची बरीच वर्षे काढलेल्या बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यशास्त्रात जो आग्रह धरला तो हाच होता : सौंदर्य सुट्या घटकांत नसते, घटकांच्या परस्परसंबंधांत असते. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची तत्त्वे आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्यांच्याशी मतभेद असू शकतात, आणि ते पुष्कळांनी सविस्तर मांडलेही आहेत. पण निदान वर्गात ती तत्त्वे शिकवून घरी आल्यावर एका सुट्या पेटीत सौंदर्य शोधू नये, एवढी सुसंगती आपण स्वतःकडून मागू शकतो.

मराठी विभागात आकडा दिसला की तो दुसऱ्या इमारतीतला म्हणून बाहेर पाठवायची रीत आहे. याचा तोटा आकड्याला होत नाही. आपल्या विद्यार्थ्याला होतो. त्याला वाटू लागते की अनुभव सांगणे म्हणजेच समीक्षा, आणि कारण विचारणे हा अरसिकपणा. मग तो कवितेला ‘भिडणारी’ म्हणतो आणि अ‍ॅम्प्लिफायरला ‘उबदार’, आणि दोन्ही वेळा त्याला कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. व्हिल्चर कलेतिहास शिकलेला होता, ब्रिग्ज कापडव्यापारी. दोघांना आपल्या कानाला जे वाटले ते खरे की खोटे, आणि खरे असेल तर कशामुळे, हे जाणून घ्यायचे होते. त्यांनी खोके उघडले. त्यांची रसिकता त्याने घटली नाही, आणि अभियांत्रिकीची पदवी नसल्याची सबबही त्यांनी सांगितली नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला कोणी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची ऊब वर्णू लागला की त्याला साधे प्रश्न विचारावेत. स्पीकर कोणता? खोके किती लिटरचे? ते कोणी मोजले? लाउडनेसचे बटण दाबलेले आहे का? कपॅसिटर कधी बदलले? आणि परीक्षणात ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द आला की त्याच आवाजात विचारावे : कोणत्या ओळीत, आणि कशाने? उत्तर नसेल तर तो शब्द खोडावा आणि पुन्हा ऐकायला, पुन्हा वाचायला बसावे.